भिंतीलगतच्या खुर्च्या

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा आराखडा मी दोनदा वाचला. नगरपालिकेच्या सभागृहात दर रविवारी सकाळी हालचाल, खेळ आणि चित्र-मातीकाम यांची कार्यशाळा सुरू करायची आणि ती कुठल्याही एका वयोगटापुरती ठेवायची नाही, हा तुझा विचार मला मनापासून पटला. मात्र आराखड्यात पहिला तास मुलांचा, पुढचा अर्धा तास महिलांचा आणि शेवटचा अर्धा तास ज्येष्ठांचा अशी वाटणी केलेली दिसते. असे केलेस तर एकाच सभागृहात तीन वेगवेगळे वर्ग भरतील. एका गटाचे काम चालू असताना उरलेले दोन गट भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून राहतील, आणि एकदा माणूस त्या खुर्चीवर टेकला की तो पाहुणा होतो, मग त्याला उठवणे फार जड जाते. म्हणून या पत्रात मी मुख्यतः एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे. सहा वर्षांचे मूल, त्याची आई आणि त्याची आजी या तिघांचीही एकाच वेळी गरज पडेल असे काम कसे रचावे, ही ती गोष्ट.

हे कसब आपल्याकडे जुने आहे. भोंडल्याकडे एकदा केवळ रचना म्हणून पाहा. पाटावर हत्ती काढायचा, पाट मधोमध ठेवायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यात झाकून आणलेली खिरापत ओळखायची. चित्र, हालचाल आणि खेळ हे तिन्ही त्यात आहे, आणि खिरापत करणारी आजी व ती ओळखण्यासाठी धडपडणारी नात या दोघींनाही खरेखुरे काम आहे. गाण्यांची बांधणीही मोठी शहाणी आहे. ओळ थोडीशी बदलून पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ज्या मुलीला गाणे अजिबात ठाऊक नाही तीही तिसऱ्या कडव्यापासून आपोआप म्हणू लागते. तिला वेगळे शिकवावे लागत नाही. विदर्भात आणि खानदेशात भुलाबाईच्या गाण्यांत, किंवा श्रावणातल्या मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीत हेच दिसेल. मात्र या खेळांची दुसरी बाजूही डोळसपणे पाहा. मंगळागौर सवाष्णींची मानली गेल्यामुळे विधवा बाई दाराआड राहिली, आणि मुलगे व पुरुष तर बाहेरच राहिले. आपण खेळ घ्यावेत आणि त्यांच्या अटी तिथेच सोडून द्याव्यात. तुझ्या फेरात आजोबा असोत, शेजारची एकटी राहणारी बाई असो, चाकांच्या खुर्चीवरचा मुलगा असो, आणि फेराचा वेग त्यांच्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवू दे.

हालचालीच्या भागात तू ‘सोप्या नृत्याच्या पायऱ्या’ शिकवणार आहेस असे लिहिले आहेस. त्या वगळाव्यात असे मला वाटते. पायऱ्या शिकवल्या की बरोबर-चूक आले, आणि बरोबर-चूक आले की आजी सर्वांत आधी मागे सरते. त्याऐवजी कामाच्या हालचालींपासून सुरुवात कर. पाखडणे, दळणे, रहाटाने पाणी ओढणे, वल्हवणे, पेरणे, भात कांडणे या हालचाली तुझ्या गावातल्या सत्तरीच्या माणसांच्या अंगात मुरलेल्या आहेत, आणि मुलांनी त्यांतल्या बहुतेक कधी पाहिलेल्याही नाहीत. एखाद्या आजींच्या हातात रिकामे सूप दे आणि पाखडून दाखवायला सांग. त्या दोन्ही हातांनी सूप धरतील, कोपरे अंगाशी राहतील, मनगटांना लहानसा झटका बसेल, आणि सूप खाली येताना त्यांचे गुडघेही नकळत किंचित वाकतील. मग त्या सांगतील की पाखडणे वेगळे आणि घोळणे वेगळे; घोळताना सूप उडत नाही, ते कडेकडेने फिरते आणि खडे एका बाजूला जमतात. मुलांनी आधी हे जसेच्या तसे करावे. नंतर तू तीच हालचाल मोठी करायला सांग, इतकी मोठी की सूप खोलीएवढे व्हावे. मग अगदी संथ, मग खांद्यांनी, मग पाठीने. वीस मिनिटांत तिथे नृत्य उभे राहील आणि ते त्या आजींनी शिकवलेले असेल.

ही कल्पना काही माझी एकटीची नाही. रुडॉल्फ लाबान या नृत्यविचारवंताने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांत जाऊन कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी कोणतीही हालचाल पाहता येते, ही त्याची मांडणी आज जगभर नृत्यशिक्षणात वापरली जाते. तुला ती पाठ करायची गरज नाही. ‘हेच जड होऊन करा, हेच हलके होऊन करा, हेच थांबत थांबत करा’ एवढ्या तीन सूचना हाताशी ठेवल्यास तरी अनेक रविवार पुरतील.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपावी लागते, ती म्हणजे तोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, आणि ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल करावी. रविवारच्या एका बैठकीत यांतले काहीच पुरे होणार नाही हे उघड आहे. म्हणून प्रत्येक वेळी घरी नेता येईल अशी एकच गोष्ट दे. लंगडीचेच पाहा. मूल लंगडी घालत खोलीभर फिरते, आई जागच्या जागी एका पायावर उभी राहते, आणि आजोबा जड खुर्चीची पाठ धरून पाऊल जमिनीपासून चार बोटे उचलतात. तिघेही एकाच खेळात असतात आणि तिघांचाही तोलच पणाला लागलेला असतो. खुर्च्या मात्र भक्कम पायांच्या हव्यात. गुळगुळीत फरशीवर प्लॅस्टिकची हलकी खुर्ची सरकते. आणि त्या भिंतीलगत न ठेवता फेराच्या रेषेतच मांडाव्यात, म्हणजे बसलेला माणूसही फेरातलाच राहतो.

पार्किन्सन्ससारख्या आजाराचे कुणी आले तर घाबरून जाऊ नकोस, त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला मात्र आधी घ्यायला सांग. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजतात, आणि बाहेरून मिळणारा ठेका किंवा जमिनीवर आखलेल्या पट्ट्या यांच्या आधाराने पाऊल पुन्हा सुटण्यास अनेकांना मदत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले, आणि आपल्या पुण्यात हृषीकेश पवार यांनी असे काम केले आहे. तिथे रुग्णांना नर्तक म्हणून वागवले जाते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आता चित्रकलेकडे वळते. तुझ्या यादीत ‘वारली पेंटिंग – छापील नमुने रंगवणे’ असे आहे आणि मी त्यावर काट मारली आहे. वारली चित्रातला तारपा नाच तू पाहिला असशीलच: मधे तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारा आणि त्याच्याभोवती गुंडाळत, उलगडत जाणारी माणसांची साखळी. हा काही सजावटीसाठी शोधलेला आकार नाही. नाचणारे खरोखरच एकमेकांच्या कमरेला हात घालून वादकाभोवती असे फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. वादक वळला की साखळी वळते. म्हणजे ही रेषा आधी पायांनी काढलेली आहे. मग छापील नमुन्यात गेरू भरण्याऐवजी आधी ती साखळी अंगणात का चालू नये? सगळ्यांनी एकमेकांना धरून आत गुंडाळत जावे, बाहेर उलगडत यावे, आणि मग आपण जसे गेलो तशी रेषा कागदावर काढावी. ज्यांनी ती चालून पाहिली आहे त्यांची वर्तुळे वाकडीतिकडी असतील, पण त्यात जीव असेल. ही कला कुणाची आहे हेही त्याच वेळी सांगावे. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, भिंतीवर लिहिण्याचा मान वारली सवाशिणींचा होता. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती विधीच्या बाहेर, कागदावर आणि कापडावर नेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शक्य झाले तर एखाद्या वारली चित्रकाराला बोलाव, आणि त्याला शहरातल्या पाहुण्या चित्रकाराला देशील तेवढेच मानधन दे.

कागद जमिनीवर पसरलास तर निम्मी माणसे बाद होतील, कारण गुडघे दुखणाऱ्याला खाली बसवत नाही. एकच लांब कागद भिंतीवर लाव आणि तो इतका उंच असू दे की खालच्या पट्ट्यात मुले, मधल्या पट्ट्यात खुर्चीवर बसलेली माणसे आणि वरच्या पट्ट्यात उभी राहिलेली माणसे चित्र काढू शकतील. जिथे पट्टे एकमेकांना भिडतात तिथेच सगळ्यात गमतीचे काहीतरी घडते. आईवडिलांच्या हातांना आवर्जून काम दे. ज्यांचे हात रिकामे असतात ते मुलाचा हात धरून त्याचा सूर्य दोन डोंगरांच्या मधोमध नेऊन बसवतात. त्यांच्या स्वतःच्या पुढ्यात शाडूचा गोळा असला की त्यांना तेवढी सवड राहत नाही. शाडू सांधे आखडलेल्या बोटांनाही मानवतो, फक्त तो आदल्या रात्री भिजवून चांगला मऊ मळलेला असावा. चिकटवण्यासाठी कणकेची खळ घरी करून आण, पण ती टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालण्याची जी जुनी पद्धत आहे ती कटाक्षाने टाळ; मोरचूद विषारी असते आणि लहान मुले बोटे तोंडात घालतात.

खेळासाठी विकत काही आणू नकोस. डेन्मार्कमध्ये १९४३ साली, जर्मन अंमल असताना, कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे फळ्या, दोर आणि मोडक्यातोडक्या सामानाचे एक खेळाचे मैदान उघडले गेले, आणि पुढे अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. आपल्याकडे खोकी, करवंट्या, बांबूचे तुकडे आणि जुनी लुगडी यांना तोटा नाही. एक नऊवार साधारण आठ मीटरचे असते. दोन्ही काठांना मिळून दहाबारा माणसे सहज धरतात, काही उभी, काही बसलेली. त्यावर चेंडू ठेवायचा आणि हात न लावता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा. कुणी एकाने जोर केला की चेंडू उडून जातो, कुणी एकाने काठ सैल सोडला की तिथेच अडकतो. हा खेळ मी फार ठिकाणी घेतला आहे आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही, कारण त्यात चपळ मुलाला सावकाश व्हावे लागते आणि बुजरा माणूस न बोलता सगळ्यांना हवासा होतो.

काही गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्यांत तडजोड करू नकोस. कुठलेही मूल कधीही एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहता कामा नये. मदतनीसांना मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती असावी आणि संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक ठाऊक असावा. पालकांना विचारल्याशिवाय मुलांची छायाचित्रे कुठेही टाकू नयेत. खोली तळमजल्यावर असावी आणि स्वच्छतागृह जवळ असावे, नाहीतर ज्येष्ठ येणारच नाहीत आणि कारणही सांगणार नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी, बहुधा तुमचे नगरसेवक किंवा मंडळाचे अध्यक्ष, ‘एखादा कार्यक्रम बसवा की’ असे प्रेमाने सुचवतील. त्यांना नम्रपणे नकार दे. कार्यक्रम ठरला की चांगले नाचणारे पुढे आणि न जमणारे मागे अशी रांग लागते, मुलांची तालीम सुरू होते आणि मोठी माणसे पुन्हा भिंतीलगतच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. ज्यांना काय चालले आहे ते पाहायचे असेल त्यांना रविवारी बोलाव आणि लुगड्याचा एक काठ त्यांच्या हाती दे. बक्षिसे आणि स्पर्धा यांबाबतही माझे मत असेच ठाम आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला चित्रकला आणि नाच बहुतेक वेळा स्पर्धा म्हणूनच येतात. रविवारचे दोन तास तरी त्यातून मोकळे असावेत.

वही मात्र ठेव. कोण आले याची हजेरी सगळेच ठेवतात. तू कोण यायचे थांबले तेही लिही आणि आठवड्याच्या आत त्यांच्या घरी जाऊन ये. कुणाला फरशी गार लागत असेल, कुणाच्या सुनेला रविवारीच स्वयंपाकाची घाई असेल, कुणाला गाण्याचा आवाज सहन होत नसेल. वेळ, जागा आणि खेळ यांत बदल करण्याची खरी कारणे तुला तिथेच कळतील.

सभागृहाची लांबी-रुंदी, फरशी कसली आहे, दाराला किती पायऱ्या आहेत आणि वापरण्याजोग्या भक्कम खुर्च्या किती आहेत हे मला कळव, म्हणजे पहिल्या चार रविवारांची आखणी आपण दोघी मिळून करू. सुपे मिळाली नाहीत तर माझ्याकडे आहेत, ती पाठवते.

तुझी,
काकू