आजाराचे नाव सांगावे, की गरज?

प्रश्न : मी वांद्रे-कुर्ला संकुलातील एका खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करतो. पावसाळ्यापासून नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार घेत आहे. गोळ्यांचा गुण येत आहे. पण सकाळी गुंगी राहते, नेहमीची लोकल चुकते आणि उशिरा येण्याबद्दल दोन लेखी ताकिदी मिळाल्या आहेत. मागे रजा घेताना मी पोटाच्या विकाराचे कारण दिले होते. आमच्याकडे कोणी जरा वेगळे वागले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे सर्रास म्हणतात. बढतीचा विचार व्हायचा असल्याने कोणालाही कळता कामा नये, असे पत्नीचे म्हणणे आहे. साहेबांना खरे सांगावे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्नीची भीती निराधार नाही. ‘लाजायचे कशाला, सांगून टाका’ असे म्हणणाऱ्याची नोकरी पणाला लागलेली नसते, त्यामुळे तसा सल्ला मी देणार नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव मुंबईत पिढ्यान्पिढ्या थट्टेसाठी वापरले गेले आहे. ती थट्टा ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी तुमच्यासारखेच खिशात गोळ्या घेऊन बसलेले असेल, हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आजाराचे नाव सांगणे आणि आजारामुळे निर्माण झालेली गरज सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नुसार, मोजके अपवाद वगळता, तुमच्या आजाराची व उपचारांची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गरज मात्र तुम्हाला सांगावीच लागेल, कारण कार्यालयाला आज फक्त उशीर दिसतो आहे आणि त्याचा अर्थ ते आपल्या समजुतीप्रमाणे लावत आहेत.

म्हणून आधी डॉक्टरांना भेटा आणि सकाळच्या गुंगीबद्दल स्पष्ट सांगा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून हा त्रास पुष्कळदा कमी होतो. पण तो बदल त्यांनीच करायचा आहे. बरे वाटते म्हणून किंवा ऑफिस गाठायचे म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका; त्या एकदम थांबवल्याने नवा त्रास सुरू होऊ शकतो आणि आजारही उलटू शकतो. त्याच भेटीत, ‘उपचार सुरू असून काही आठवडे कामाची वेळ उशिराची असावी’ एवढाच मजकूर असलेले, निदानाचा उल्लेख नसलेले प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारा आणि ते जोडून मनुष्यबळ विभागाकडे लेखी विनंती करा. तुम्ही संध्याकाळी तेवढा वेळ अधिक थांबणार असाल, तर तेही त्यात लिहा.

पोटाचे कारण मात्र पुन्हा देऊ नका. त्या वेळी तुम्हाला दुसरा मार्ग दिसला नसेल, हे मी समजू शकतो. परंतु खोटे कारण कागदावर गेले आणि उघडकीस आले, तर चर्चा तुमच्या आजाराची न राहता तुमच्या खरेपणाची होते, आणि तिथे कोणताही कायदा तुमच्या मदतीला येणार नाही.

कायद्याचा आधार खासगी नोकरीत तोकडा आहे, हेही सांगायला हवे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. पण नोकरीत भेदभाव करू नये असे सांगणारे त्यातील कलम 20 सरकारी आस्थापनांपुरते आहे. समान संधी धोरण जाहीर करण्याचे कलम 21 मात्र खासगी आस्थापनांनाही लागू होते. तुमच्या कंपनीचे असे धोरण असल्यास विनंती करण्यापूर्वी ते वाचून घ्या.

साहेबांना आजाराचे नाव सांगायचे का, हे त्यांच्या आजवरच्या वागण्यावरून ठरवा. विभागातील कोणाचे बाळंतपण, कोणाचा अपघात, कोणाच्या घरचे आजारपण यांबद्दल ते मागे काय बोलले आणि ती थट्टा चालली असताना ते हसले की गप्प राहिले, हे आठवून पाहा. खात्री नसेल तर सांगू नका; त्यात कमीपणा नाही.

पत्नीला मात्र पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे सोबत न्या. त्यांनाही हा भार कोणाजवळ बोलता येत नसणार. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही, आणि तो रुग्णाच्या घरच्यांसाठीही आहे. ताकिदींना उत्तर दिले नसेल, तर तेही विनंतीच्या त्याच पत्रात द्या आणि पोच घेऊन प्रत जपून ठेवा.