क्षमा करता आली नाही, म्हणून आजार बरा होत नाही का?

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून वरचेवर विचारला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या पन्नाशीच्या ताईंनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो डोळे पुसत विचारला. पतीच्या निधनानंतर दिराने त्यांना जमिनीतला हिस्सा नाकारला होता आणि आमवाताने त्यांची बोटे सुजली होती. एका चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करण्याच्या सभेत, त्यांना सांगण्यात आले की, मनातल्या कडूपणामुळेच प्रार्थना अडली आहे. त्यांनी सर्वांसमोर दिराला क्षमा केल्याचे जाहीर केले, विश्वासाची साक्ष म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि दुखणे बळावले. "बाई, माझी क्षमा खोटी ठरली का?"

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले, कारण आमवाताची औषधे अशी मध्येच सोडली की सूज पुन्हा उसळते आणि सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

पुढच्या भेटीत आम्ही शास्त्र, म्हणजे बायबल, उघडले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा येशूने त्याला आणि त्याच्या आईबापांना दोघांनाही त्या आरोपातून मोकळे केले (योहान 9). प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवले आणि दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. त्यांच्यापैकी कोणाच्याही अंतःकरणाची झडती त्याने घेतली नाही. याकोबाच्या पत्रात पापकबुली आणि आरोग्य एकत्र येतात हे खरे, परंतु तिथेही आजाऱ्याने पाप केलेलेच असणार असे गृहीत धरलेले नाही.

ताईंचे खरे ओझे मात्र पुढे निघाले. क्षमा केली म्हणजे जमिनीच्या हिश्श्यासाठी केलेला अर्जही मागे घ्यायला हवा, असे त्यांना वाटत होते. मग आम्ही योसेफाची, म्हणजे भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या आणि पुढे मिसरात अधिकारी झालेल्या माणसाची, कथा सावकाश वाचली. भाऊ समोर उभे राहिले तेव्हा त्याला रडू आवरत नव्हते, तरीही त्याने लगेच ओळख दिली नाही. धाकटा भाऊ बन्यामीन याच्या जागी स्वतः गुलाम होण्यास यहूदा तयार झाला, म्हणजे एकेकाळी भावाला विकणारा माणूस खरोखर बदलला आहे हे दिसले, तेव्हाच योसेफाने भावांना कवटाळले. सूड देवावर सोपवणे हे ताईंच्या हाती आहे आणि ते त्यांनी केले आहे. पश्चात्ताप दिरानेच करायचा आहे, आणि येशूला भेटल्यावर बदललेल्या जकातदार जक्कयाप्रमाणे घेतलेले परत करणे हा त्या पश्चात्तापाचा भाग आहे. पीडित विधवेला गप्प बसवण्यासाठी क्षमेची वचने वापरली जातात, तेव्हा मला ती शास्त्राची विटंबना वाटते.

औषधे पुन्हा सुरू झाली आहेत आणि सूज हळूहळू उतरते आहे. ताई दिरासाठी रोज प्रार्थना करतात. त्याने अजून काहीही कबूल केलेले नाही, त्यामुळे अर्ज कायम आहे. तो मागे घेण्याचा आग्रह मंडळीने (त्यांच्या चर्चने) धरू नये, असे ताईंच्या संमतीने मी पाळकसाहेबांना कळवले आहे.