पेनड्राइव्ह काढण्याआधी

पेनड्राइव्ह सरळ उपटू नकोस. माझी एका अख्ख्या मुलाखतीची फाइल अशाच घाईत गेली. पेनड्राइव्हचा लुकलुकणारा दिवा आपल्याला, अंधांना, दिसत नाही, तेव्हा कॉपी संपली का हे कानानेच ठरवायचं. एनव्हीडीएचे (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचे) चढत जाणारे बीप थांबले तरी लगेच हात घालू नकोस. विंडोज-ई दाबून फाइल एक्सप्लोरर उघड, ड्राइव्हवर जा, शिफ्ट-एफ१० ने मेनू उघड आणि मग 'इजेक्ट'. विंडोज-बी दाबून ट्रेमधूनही (टास्कबारच्या टोकाच्या चिन्हांमधूनही) जमतं, पण तिथे चिन्ह कधीकधी लपलेलं असतं. 'डिव्हाइस वापरात आहे' असं ऐकू आलं तर बहुधा त्यातलीच एखादी फाइल उघडी असते. ती बंद कर. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल', म्हणजे इजेक्ट न करता काढता येण्याची सोय, आपोआप चालू असतं, पण लिहिणं चालू असताना ओढलंस तर त्याचाही उपयोग नाही.