पत्री सरकार की प्रतिसरकार?

प्रश्न असा आहे: साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळात इंग्रजी राज्याला न जुमानता जे सरकार चाललं, त्याला कुणी ‘प्रतिसरकार’ म्हणतं, कुणी ‘पत्री सरकार’. फितुरांच्या पायांना पत्रे ठोकत म्हणून दुसरं नाव पडलं का? लिहिताना कोणतं वापरावं?

आधी पत्री म्हणजे काय ते पाहू. शहरातल्या वाचकाला हा शब्द गणपतीच्या पूजेतला वाटतो. शेतकऱ्याची पत्री वेगळी. घोड्याला नाल, बैलाला पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळे एकसंध नाल चालत नाही. खुराच्या प्रत्येक भागाला वेगळा चपटा लोखंडी तुकडा लागतो, म्हणजे चारही पाय करायचे तर आठ. बैलाला दोर घालून आडवा पाडतात, पाय बांधतात, खूर तासून सपाट करतात आणि मग खिळे मारतात. खिळा खुराच्या कडेच्या कठीण भागातून तिरका बाहेर निघाला पाहिजे. आतल्या जिवंत भागाला लागला तर बैल लंगडतो.

आता शिक्षा. पोलिसांचे खबरे, दरोडेखोर, गावगुंड यांना आडवं पाडून पाय बांधायचे, तळवे वर करायचे आणि काठीने मारायचं. पाहणाऱ्या शेतकऱ्याला यात नालबंदाकडचा बैलच दिसणार, म्हणून ‘पत्र्या मारल्या’. प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत मार आहे तो तळव्यांवर काठीचा. लोखंडी पत्रे ठोकल्याची कथा म्हणजे, माझ्या मते, या बोलीतल्या प्रयोगाचा शब्दशः घेतलेला अर्थ.

पण शिक्षेवर सगळं नाव बेतलेलं नाही. ‘प्रति’मधला र पुढच्या त ला जाऊन चिकटला की ‘पत्री’ होतं. ‘नुकसान’चं ‘नुस्कान’, ‘मतलब’चं ‘मतबल’ करणाऱ्या बोलीला ही अदलाबदल नवी नाही. व्याकरणात तिला वर्णविपर्यय म्हणतात. एरवी असं रूप उच्चाराची ढिलाई म्हणून विरून गेलं असतं. इथे मात्र तयार झालेला शब्द गोठ्यातला, ओळखीचा निघाला आणि शिक्षेने त्याला अर्थही पुरवला. म्हणून ‘अपभ्रंश की शिक्षा’ असा पर्यायच लावू नये. दोन्ही धागे एका शब्दात गुंतले, म्हणून तो इतका पक्का रुजला.

मूळ शब्दही मोठ्या नेमकेपणाने घडवलेला आहे. ‘प्रति’ विरोध दाखवतो, जसा प्रतिपक्षात, आणि तोडीस तोड असणंही दाखवतो, जसा प्रतिपंढरपुरात. साताऱ्यात दोन्ही अर्थ खरे होते. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरला कचेऱ्यांवर निघाले ते मोर्चे. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबारही झाला. तिथवर ‘उठाव’ म्हणणं पुरेसं आहे. ‘सरकार’ म्हणावं लागतं ते पुढच्या कारभारामुळे. नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर यांच्या या चळवळीने गावोगाव न्यायदान मंडळं नेमली, जमिनीचे आणि कर्जाचे तंटे मिटवले, दारूबंदी केली, कमी खर्चाची गांधी-विवाह पद्धत रुजवली. कुंडलची तुफान सेना हे तिचं सशस्त्र दल. पैसा लागे म्हणून ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रोकड घेतली. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचाही बराच भाग येत होता, हे वाचताना ध्यानात ठेवावं. कुंडल आणि वाळवा आज सांगलीत आहेत.

लिहिताना ‘प्रतिसरकार’ हा एकच शब्द, ‘ति’ ऱ्हस्व. ‘प्रती सरकार’ असं तोडून आणि दीर्घ लिहिलं की पुस्तकाच्या प्रती आठवतात. ‘पत्री सरकार’ दोन शब्दांत लिहावं. आठवणी, भाषणं, पोवाडे यांत तेच शोभतं, आणि कुणाचं बोलणं उद्धृत करताना ते ‘सुधारून’ प्रतिसरकार करू नये. इतिहासाच्या लेखात पहिल्या उल्लेखाला दोन्ही द्यावीत, पुढे प्रतिसरकार ठेवावं.

याच काळातल्या बंगालच्या तामलुकमधल्या सरकारचं नाव मराठीत हटकून चुकतं. १७ डिसेंबर १९४२ ला स्थापन झालेलं ते ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’. बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय. आपल्या जातीशी त्याचा काही संबंध नाही. नाव जसंच्या तसं उचललं तर मराठी वाचकाचा भलताच समज होतो, म्हणून तिथे ‘ताम्रलिप्त राष्ट्रीय सरकार’ लिहावं.