आधी गाळ मोजा, मग मशीन बोलवा

अरे, तळ्यावरचं जलपर्णीचं रान बघून लगेच जेसीबी बोलवू नकोस, आधी खाली गाळ किती बसलाय ते बघ. लांब बांबूवर फुटाफुटाला खुणा कर, टोकाला पसरट झाकण बांधून हळूच सोड, जिथे टेकेल तिथवर पाणी, मग झाकण काढून तोच बांबू कडक तळ लागेपर्यंत दाब, दोन्हीतला फरक म्हणजे गाळ. काठावर एकदाच मोजून काही कळत नाही, पाणी आत येतं तिथे थर बहुतेकदा जाड असतो. काळा, कुजका वास मारणारा चिखल म्हणजे सडलेला पाला, रवाळ लागला तर वाहून आलेली माती. मुळांच्या जाळीवर बांबू अडला तर तळ समजू नकोस. आणि गाळ काढताना खालचा चिकणमातीचा थर फोडलास तर पाणीच टिकणार नाही. मोजायला आत उतरू नकोस हां, पाय रुततो.