अनुदान पंचवीस टक्के, पण खोक्यांच्या ऑर्डरी किती?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रबाळे एमआयडीसीतल्या पॅकेजिंग कारखान्यात १४ वर्षं नोकरी, आता स्वतःचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट काढायचंय. त्या नवबौद्ध समाजातल्या आहेत. त्यांनी स्वतः ११ लाखांचा हिशेब मांडला होता. एका एजंटाने तो १८ लाखांवर नेला आणि ‘पीएमईजीपीतून ३५ टक्के अनुदान मिळवून देतो, त्यातले दहा टक्के माझे’ असं सांगितलं. (पीएमईजीपी म्हणजे नव्या उद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना.) दरम्यान बंद पडलेल्या एका कारखान्यातलं जुनं मशीन चार लाखांत मिळतंय. पीएफ काढून ते आत्ताच घ्यावं आणि अनुदान आलं की पैसे परत भरावेत, असं घरच्यांचं म्हणणं. पुठ्ठ्याच्या शीट विकत आणून कापणी, क्रीझिंग, स्टिचिंग करायचं. तुर्भ्यातले दोन ग्राहक तोंडी तयार आहेत.

ताई, मशीन आत्ता घेऊ नका. पीएमईजीपी फक्त नव्या युनिटसाठी आहे. कर्ज मंजूर होण्याआधीच काम सुरू केलंत तर तुमचं युनिट जुनं ठरेल आणि अनुदानाचा दरवाजा बंद होईल. शिवाय हे अनुदान तुमच्या हातात येतच नाही. बँक कर्ज देते, अनुदान तुमच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीत राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा खरा फायदा. पण त्यातून पीएफ परत भरता येणार नाही. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. तुमच्या म्हातारपणाचा तो एकमेव पैसा आहे, त्याला हात लावू नका.

एजंटाचा ३५ टक्क्यांचा आकडाही चुकीचा आहे. तो ग्रामीण भागासाठी आहे. ऐरोली महानगरपालिकेत येते, तिथे विशेष प्रवर्गाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) २५ टक्के. भिवंडी किंवा शहापूरकडच्या ग्रामपंचायतीत गाळा घेतला तर ३५ मिळतील खरे, पण रोजचा टेम्पो तुर्भ्यापर्यंत आणावा लागेल. नुसता पत्ता तिकडचा दाखवायचा विचार कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा. युनिटची प्रत्यक्ष पाहणी होते. आणि महिला म्हणूनच तुम्ही विशेष प्रवर्गात येता, त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. दाखला मात्र काढून ठेवाच. केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिलांसाठी ३ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे, पुढे तो उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट, १८ की ११. सोयीसाठी सगळं ११ टक्क्यांचं, पाच वर्षांचं कर्ज धरू. १८ लाखांत तुमचे ५ टक्के म्हणजे ९० हजार, अनुदान साडेचार लाख, उरलेल्या १२.६ लाखांचा हप्ता साधारण २७,४०० रुपये. ११ लाखांत तुमचे ५५ हजार, अनुदान पावणेतीन लाख, ७.७ लाखांचा हप्ता १६,७०० च्या आसपास. म्हणजे पावणेदोन लाख जादा अनुदानासाठी तुम्ही ४.९ लाखांचं जादा कर्ज डोक्यावर घेणार! तुम्ही कळवलेल्या आकड्यांप्रमाणे कागदाचा खर्च जाऊन महिन्याला ८५ हजार सुटतील. गाळ्याचं भाडं १८, दोन कामगार ३०, वीज आणि टेम्पो १०. म्हणजे ५८ हजार. राहिले २७ हजार. मोठ्या प्रकल्पात ते हप्त्यालाही पुरत नाहीत. छोट्यात दहा हजार उरतात. तेही दोन्ही ग्राहकांनी शब्द पाळला तर.

म्हणून ११ लाखांचाच अर्ज करा. ऑर्डरी वाढल्या की पुढचं मशीन घेता येईल. चार लाखांच्या मशीनचा मोह मला समजतो, कर्जाशिवाय सुरुवात होते. पण त्यासाठी पीएफ मोडावा लागतोय आणि पावणेतीन लाखांचं अनुदान सुटतंय, म्हणून माझं मत नाही असंच आहे.

अर्ज ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. साडेचार लाखांचे दहा टक्के, म्हणजे ४५ हजार, एजंटाला कशाला? जिल्हा उद्योग केंद्रातले लोक प्रकल्प अहवाल समजावून सांगतात. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून ठाण्याच्याच केंद्रात जा. दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पास लागते, तुमची बारावी झालीय. कुटुंबात नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो. योजनेला २०२५-२६ पर्यंतची मंजुरी होती, तेव्हा अर्जाआधी पोर्टलवर सद्यस्थिती बघा. आणि मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका.

तोवर दोन्ही ग्राहकांकडून महिन्याला किती खोकी आणि किती दिवसांत पैसे, हे लेखी घ्या. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झाली की लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही. जो ग्राहक एवढंही लिहून देणार नाही, त्याची ऑर्डर या हिशेबातून वजा करून मग पुन्हा मला लिहा.