माशाचं रक्त 'गोठत नाही' म्हणजे नेमकं काय होत नाही?

प्रश्न असा आहे: अतिथंड समुद्रांतल्या माशांच्या रक्तात 'अँटिफ्रीझ प्रोटीन' असतं, त्याला मराठीत 'गोठणरोधी प्रथिन' म्हणावं का? आणि तिथे 'गोठणं' बरोबर की 'थिजणं'?

'गोठणरोधी' घडणीला ठीक आहे, पण मी तो वापरणार नाही. पाणी गोठतं तेव्हा त्याचा बर्फ होतो. रक्त गोठतं तेव्हा मात्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फ येत नाही, जखमेवरची खपली येते. ह्या दुसऱ्या क्रियेला परिभाषेत 'रक्तक्लथन' असा शब्द आहे, पण बोलताना तो कोण वापरतो? त्यामुळे 'रक्तातलं गोठणरोधी प्रथिन' वाचून दहांतले नऊ जण रक्त पातळ करणाऱ्या औषधाकडे वळतील. गंमत अशी की ह्या माशांनाही जखम झाली की त्यांचं रक्त गोठतंच. म्हणजे एकाच माशाचं रक्त गोठतंही आणि गोठत नाहीही, आणि दोन्ही विधानं खरी!

'थिजणं' इथे उपयोगाचं नाही. तूप थिजतं, खोबरेल थिजतं. थंडीने स्निग्ध पदार्थ घट्ट होतो, त्यात बर्फाचा संबंध नसतो. माणूस भीतीने थिजतो तोही जागच्या जागी घट्ट होतो. 'साकळणं' तर आणखी लांबचं, त्यात एका जागी साचून दाटणं आहे. (बँकेतलं खातं 'गोठवतात' ते इंग्रजीवरून आलेलं, ते सोडून देऊ.)

आता प्रथिन काय करतं ते पाहू, कारण नाव त्यावरून ठरायला हवं. समुद्राचं पाणी खारट असल्याने उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. बहुतेक माशांचं रक्त त्याहून कमी खारट, म्हणून ते उणे एक अंश गाठण्याआधीच गोठायला हवं. तरीही अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या मॅकमर्डो साउंड ह्या अतिथंड समुद्रभागात मासे मजेत पोहत असतात. अमेरिकी संशोधक आर्थर डीव्रीज यांनी १९६०च्या दशकात ह्या माशांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि त्यात साखरेची जोड असलेलं प्रथिन सापडलं. पुढे विंटर फ्लाउंडरसारख्या उत्तरेकडच्या माशांत वेगळ्याच बांधणीची, पण तेच काम करणारी प्रथिनं मिळाली.

बर्फाचे बारीक कण ह्या माशांच्या शरीरात असतात. प्रथिनाचे रेणू त्या कणांच्या पृष्ठभागाला जागोजागी चिकटतात. मग बर्फाला वाढायचं तर दोन रेणूंच्या मधल्या फटीतून फुगवटा काढूनच वाढावं लागतं, आणि अशा फुगीर पृष्ठभागावर पाणी गोठायला आणखी थंडी लागते. तेवढी थंडी समुद्रात नसते, म्हणून कण आहे तेवढाच राहतो. हे स्पष्टीकरण रेमंड आणि डीव्रीज यांनी १९७७ साली मांडलं.

गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या अँटिफ्रीझचं तसं नाही. त्यातलं ग्लायकॉल हे रसायन पाण्यात मिसळलं की गोठण्याचं आणि वितळण्याचं, दोन्ही तापमानं बरोबरीने खाली येतात, आणि त्यासाठी ते भरपूर ओतावं लागतं. माशातलं प्रथिन थोड्याशा प्रमाणात काम भागवतं आणि गोठण्याचं तापमान वितळण्याच्या तापमानापासून फोडून खाली नेतं. तेव्हा मूळ इंग्रजी नावच जरा उसनं आहे. आइसक्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत म्हणून असंच प्रथिन वापरायची वेळ आली, तेव्हा इंग्रजीतही 'बर्फाला घडण देणारं' अशा अर्थाचं नाव पुढे करण्यात आलं. डब्यावर विषारी द्रवाचं नाव कोण छापेल!

ह्या सगळ्यात अडवला जातो तो बर्फ, म्हणून माझं मत 'हिमरोधक प्रथिन' ह्या शब्दाला. हिम म्हणजे भुरभुरणारं बर्फच नव्हे का, असं कुणी म्हणेल. पण हिमनग आणि हिमनदी आपण टणक बर्फालाच म्हणतो. 'जलरोधक'सारखा अर्थ लावून हे प्रथिन बर्फ शरीराबाहेर ठेवतं असा समज होऊ शकतो, हा दोष मला मान्य आहे. 'हिमवाढरोधक' अचूक ठरेल, पण उच्चारताना जीभ अडखळते.

बर्फाला चिकटणाऱ्या सगळ्याच प्रथिनांसाठी 'हिमबंधक' सुचवलं जातं. 'बंधक' म्हटलं की मला गहाणखत आठवतं. अर्थात इथे बर्फ खरोखरच अडकवून ठेवलेला असतो, त्यामुळे फार कुरकुर करत नाही.

लेखात वाक्य लिहायचं तर असं लिहा: 'ह्या माशांच्या रक्तातली हिमरोधक प्रथिनं बर्फाचे कण वाढू देत नाहीत.' 'रक्त' आणि 'गोठणं' एका वाक्यात आणायचंच असेल, तर 'रक्ताचा बर्फ होत नाही' असं सरळ म्हणा.